मोजलेलं आणि विकलेलं

2023च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांच्या आवारात भर पावसात, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारच्या खेळाला बायकांचे घोळकेच्या घोळके येत होते. कुणी नऊवारी नेसलेल्या, कुणी ठरवून एकाच रंगाच्या साड्यांतल्या, नाकात नथ आणि डोळ्यांवर गॉगल. पोस्टरसमोर फोटो, मग फुगडी, मग फुगडीचा व्हिडिओ, आणि पडदा उघडायच्या आत तो व्हिडिओ भिशीच्या, सोसायटीच्या, माहेरच्या ग्रुपवर. चित्रपट होता ‘बाईपण भारी देवा’. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा एवढंच कथानक, आणि तिकीटखिडकीवर नावावर गर्दी खेचणारा एकही नायक नाही. तरी जगभरातला गल्ला नव्वद कोटींच्या घरात गेला.

त्याच चित्रपटाचे दिग्दर्शक केदार शिंदे यांचा ‘झापुक झुपूक’ 25 एप्रिल 2025 रोजी लागला. त्याचा नायक बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. हा मुलगा टिकटॉकवर गाजला, 2020मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यावर त्याच्यासारख्या अनेकांचं बस्तान एका रात्रीत उठलं, तरी तो दुसऱ्या ॲपांवर पुन्हा उभा राहिला आणि ऑक्टोबर 2024मध्ये ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व जिंकून बाहेर पडला. तेव्हा फोन हातात असलेल्या मराठी माणसाला त्याचं नाव ठाऊक नसणं अवघड होतं. चित्रपटाला नाव दिलं तेही त्याच्याच तोंडच्या, गल्लोगल्ली पोचलेल्या शब्दांचं. आणि पहिल्या दिवशीचा गल्ला काही लाखांवर थांबला.

रोज फुकट दिसणाऱ्या माणसाला पैसे मोजून कोण बघायला जाईल, हे एक उत्तर झालं. चित्रपट कसा होता, हा मुद्दा आहेच आणि तो सर्वांत मोठा आहे. पण जाहिरातीच्या धंद्यातल्या माणसाने या दोन चित्रपटांकडे आणखी एका बाजूने बघायला हवं. प्रसार दोन्ही वेळा फोनवरूनच झाला. दुसऱ्या वेळी जे घडत होतं ते उघड्यावर होतं : व्ह्यू, लाइक, फॉलोअर, सगळं मोजता येणारं. पहिल्या वेळी जे घडलं त्यातलं पुष्कळसं बंद ग्रुपांत घडलं. ‘शनिवारी दुपारचा शो, कोण कोण येतंय?’ या एका ओळीखाली उमटलेले हात वर केल्याचे इमोजी कुठल्याही एजन्सीच्या डॅशबोर्डवर दिसले नाहीत. तिकिटं मात्र त्या हातांनीच काढली.

डिजिटल माध्यमांच्या वाढीबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, ते बहुतेक सगळं मोजता येणाऱ्या भागाबद्दल असतं. मला त्यातल्या न मोजलेल्या भागाबद्दल जास्त सांगायचं आहे. पण आधी मोजलेला भाग.

*

दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीनुसार 2014मध्ये एक जीबी डेटामागे मोबाइल कंपन्यांना सरासरी 269 रुपये मिळत. 2018मध्ये ही रक्कम 12 रुपयांच्या आत आली. मधे काय घडलं हे सगळ्यांना माहीत आहे : 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आलं आणि पुढचे काही महिने डेटा फुकट मिळाला. एखादी वस्तू चार वर्षांत एवढी स्वस्त झाली की ती वापरायची रीतच बदलते. आधी माणूस वायफाय सापडलं की व्हिडिओ उतरवून ठेवायचा. नंतर रिक्षाच्या रांगेत, एसटीत, शेताच्या बांधावर तो नुसता बघत राहिला. नोकियाच्या वार्षिक अहवालाप्रमाणे 2024मध्ये भारतातला एक माणूस महिन्याला सरासरी 27.5 जीबी मोबाइल डेटा वापरत होता. इंटरनेट आणि मोबाइल असोसिएशन व कांतार यांच्या त्याच वर्षीच्या पाहणीत देशातले इंटरनेट वापरणारे 88 कोटी 60 लाख भरले, त्यातले निम्म्याहून जास्त खेड्यांतले.

लोक जिथे बघतात तिथे जाहिरात जाते. फिक्की आणि ईवाय यांच्या अहवालाने 2024च्या हिशेबात नोंद केली की देशातल्या माध्यम-मनोरंजन व्यवसायात डिजिटलने टीव्हीला मागे टाकलं. एकूण उलाढालीतला 32 टक्के वाटा त्या वर्षी डिजिटलचा होता. ग्रुपएम या माध्यमखरेदी करणाऱ्या कंपनीचा 2025साठीचा अंदाज आणखी पुढचा होता : जाहिरातीच्या दर शंभर रुपयांतले साठ डिजिटलवर जातील.

या बदलाची चाहूल मला तरी क्रिकेटमध्ये सर्वांत स्पष्ट लागली. 2022च्या जूनमध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला, तेव्हा भारतातले टीव्हीचे हक्क 23,575 कोटींना गेले, आणि डिजिटलचे दोन गठ्ठे मिळून त्याच्याही थोडे वर. पुढच्या वर्षी जिओसिनेमाने सामने फुकट दाखवले आणि समालोचन ठेवलं डझनभर भाषांत. मराठीच्या खोलीत क्रिकेटपटू केदार जाधव बसला होता. हंगाम अर्धाअधिक झाल्यावर बंगळुरूच्या संघात कुणीतरी जखमी झालं आणि त्याला माइक ठेवून बॅट घ्यायला बोलावलं. दहा वर्षांपूर्वी मराठीत आयपीएलचं समालोचन हा चेष्टेचा विषय ठरला असता. आता ते जाहिरातदाराला हवं होतं, कारण मराठीत ऐकणारा माणूस कोण, कुठला, हे त्या निवडीतूनच कळत होतं.

*

माल विकण्यासाठी लोकांना आवडेल असं काहीतरी द्यावं, ही युक्ती फोनने आणली असा अनेकांचा समज आहे. एजन्सीतली तरुण मंडळी याला ‘ब्रँडेड कंटेंट’ म्हणतात. पण ती कितीतरी जुनी आहे. किर्लोस्करवाडीत 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, तेव्हा ते कारखान्याचं पत्रक होतं. कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांना घ्यायला लावणं हे तेव्हा सोपं काम नव्हतं. लोखंडाने जमीन नासते असं लोक मानत. अशा गिऱ्हाइकाला ‘आमचा नांगर घ्या’ सांगून भागत नाही. शंकररावांनी नांगरासोबत वाचायला दिलं. वाचणं इतकं चाललं की नावातली ‘खबर’ गळाली, ‘किर्लोस्कर’ हे मासिक झालं, 1930मध्ये ‘स्त्री’ आलं, मग ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या या मासिकांनी घडवल्या, आणि त्याचं मूळ एका कारखान्याच्या जाहिरात-पत्रकात होतं. आजच्या कुठल्या ब्रँडचं इन्स्टाग्राम पान शंभर वर्षांनी कुणी असं आठवेल, याची मला शंका आहे.

मधला इतिहास भराभर सांगून टाकतो. 1 नोव्हेंबर 1967 रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. 1976मध्ये दूरदर्शनवर आल्या. या सगळ्या काळात जाहिरातदाराला एकच गोष्ट ठाऊक असायची : आपण किती पैसे दिले. ऐकणारे किती, त्यातले घेणारे किती, हा अंदाजाचा मामला. त्या अंदाजावर विको, निरमा, लिज्जत उभे राहिले.

डिजिटलने दाखवलेलं मोठं आमिष हे की आता अंदाज संपला. कुणी पाहिलं, किती सेकंद पाहिलं, बोट कुठे थांबलं, खरेदी झाली की टोपलीतच राहिली, सगळं दिसेल. टीव्हीचे आकडे तर त्याच सुमाराला बदनाम झाले. ऑक्टोबर 2020मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीत फेरफार झाल्याचा आरोप करत गुन्हा नोंदवला. तो खटला पुढे मागे घेतला गेला, पण टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कने थांबवलेले वृत्तवाहिन्यांचे आकडे पुन्हा यायला मार्च 2022 उजाडला. देशभरातल्या सुमारे 44 हजार घरांतल्या मीटरवरून कोट्यवधींची आवड ठरते, ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा चहाच्या टपरीवर पोचली. त्यापुढे फोनचा आकडा म्हणजे शंभर नंबरी सोनं वाटणं साहजिक होतं.

सोनं कसाला लावून पाहायला हवं. 2016मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा दोन वर्षं फुगवून दाखवला जात होता. तीन सेकंदांच्या आत पुढे सरकणारे लोक सरासरीत धरलेच नव्हते. आकडा 60 ते 80 टक्क्यांनी जास्त दिसत असावा, असं जाहिरातदारांना सांगितलं गेलं. परीक्षेत नापास झालेली मुलं वगळून वर्गाची सरासरी काढावी, तसा हा प्रकार.

त्याहून मला ‘ईबे’चा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. गुगलवर कुणी ‘ईबे’ हा शब्द टाकून शोधलं की सर्वांत वर ईबेचीच जाहिरात यायची आणि प्रत्येक क्लिकचे पैसे ईबे द्यायची. त्यांच्या अर्थतज्ज्ञांनी 2012मध्ये काही शोध-इंजिनांवर ही जाहिरात बंद करून पाहिली. गिऱ्हाईक गेलं कुठे? कुठेच नाही. जाहिरात दिसली नाही म्हणून लोकांनी तिच्याखालचा फुकटचा दुवा दाबला. जे येणारच होते त्यांना दारात उभं राहून ‘या’ म्हणायचे पैसे कंपनी भरत होती, आणि कागदावर ती सर्वांत यशस्वी जाहिरात दिसत होती. प्रयोगात दुसरी गोष्टही निघाली, ती कमी सांगितली जाते : ज्यांना ईबे फारशी ठाऊक नव्हती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम खरोखर झाला.

पी अँड जी ही जगातल्या सर्वांत मोठ्या जाहिरातदारांपैकी एक. तिच्या लक्षात आलं की मोबाइलच्या फीडमध्ये तिची जाहिरात सरासरी 1.7 सेकंद पाहिली जाते. 2017मध्ये तिने डिजिटलवरचा सुमारे 20 कोटी डॉलरचा खर्च कापला, तो दुसरीकडे वळवला, आणि जाहिरात पोचणाऱ्यांची संख्या उलट दहा टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. एवढ्या मोठ्या कंपनीला हे शोधायला माणसं आणि पैसा होता. डोंबिवलीत घरी फराळ करून विकणाऱ्या बाईंकडे नाही.

*

त्या बाईंचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत, पण या धंद्यातल्या कुणालाही ते परके वाटणार नाहीत. समजा भाजणीची चकली 600 रुपये किलो. भाजणी, तेल, गॅस, मदतीला येणाऱ्या दोघी, डबा, सगळं जाऊन हाती राहतात 150. बाई पोस्ट ‘बूस्ट’ करतात. जाहिरात पाहून येणारा एक मेसेज 15 रुपयांना पडतो. ‘प्राइस?’ एवढं विचारून गायब होणारे धरून दहा मेसेजांतून एक ऑर्डर मिळते. म्हणजे ऑर्डरमागे जाहिरातीचे 150 गेले, वर 18 टक्के जीएसटी. किलोभर चकलीवर बाई 27 रुपये तोट्यात, आणि ऑर्डरी वाढल्या म्हणून घरात आनंद.

हा तोटा दरवेळी सारखा नसतो, कारण जाहिरातीच्या जागेला भाव असा ठरलेला नसतोच. तिचा लिलाव होतो. तुम्ही स्क्रीन खाली सरकवता तेवढ्यात, डोळ्याची पापणी लवायच्या आत, तुमच्यासमोरच्या त्या एका जागेसाठी बोली लागते आणि संपते. लासलगावच्या बाजारात कांद्याची बोली निदान उघड्यावर होते. ट्रॉली समोर असते, बोली लावणारा समोर असतो. इथे माल दिसत नाही, प्रतिस्पर्धी दिसत नाही, आणि लिलाव पुकारणाऱ्याचीच अडत असते. दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत याच जागेवर सराफ येतो, बिल्डर येतो, मोबाइल विकणाऱ्या कंपन्या येतात, मोटारी येतात, कर्ज देणारे येतात. या सगळ्यांना त्याच बाई हव्या असतात ज्या चकली घेणार आहेत. भाव चढतो. चकलीला तो पेलवत नाही, फ्लॅटला पेलवतो.

मग छोट्या माणसाने करायचं काय? माझं मत असं की जाहिरातीला ओळख विकत घेण्याचा खर्च मानावं आणि तो एका माणसामागे एकदाच करावा. आज 27 रुपये तोट्यात गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीत आपण होऊन फोन करणार असेल, तर धंदा फायद्यात आहे. पण त्यासाठी त्याचा नंबर, त्याला तिखट कमी लागतं ही आठवण, गेल्या वर्षी शंकरपाळे मऊ पडले होते ही तक्रार, हे सगळं आपल्या वहीत हवं. प्लॅटफॉर्मचा धंदा बरोबर याच्या उलट आहे. तुमचंच जुनं गिऱ्हाईक तुम्हाला दरवर्षी नव्याने विकण्यात त्याचं हित आहे.

मोठ्या कंपन्यांना हे कळतं, आणि त्यांच्या युक्त्या बघण्यासारख्या असतात. 2021च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानची जाहिरात केली. संगणकाने त्याचा चेहरा आणि आवाज असा घडवला होता की कुठलाही दुकानदार साइटवर जाऊन आपल्या दुकानाचं नाव टाकू शकत होता, आणि शाहरुख त्याच दुकानातून खरेदी करा असं सांगायचा. करोनाने कंबरडं मोडलेल्या किराणावाल्याला, चपलांच्या दुकानदाराला फुकटात शाहरुख मिळाला. पुढच्या वर्षी कानच्या जाहिरात महोत्सवात तिला मोठा सन्मान मिळाला. कल्पना लखलखीत होती, यात वाद नाही. पण हिशेब पाहिला तर प्रत्येक दुकानदार आपली जाहिरात म्हणून कॅडबरीची जाहिरात आपल्याच ओळखीच्या लोकांत, आपल्याच ग्रुपवर फिरवत होता. ज्या बंद दारांतून पैसे देऊन आत जाता येत नाही, तिथे कंपनी दुकानदाराचं बोट धरून गेली.

*

इतकं सगळं फोनवर आलं, तरी गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशीच्या सकाळी वर्तमानपत्राचं पहिलं पान अजून सराफ आणि बिल्डरच घेतात. बातमी तिसऱ्या-चौथ्या पानावर सापडते. एजन्सीतल्या नव्या मुलांना हे मागासपण वाटतं. मला त्यात शहाणपण दिसतं. फोनवरची जाहिरात माणूस एकटा पाहतो, ती त्याच्यासाठीच बेतलेली असते, शेजाऱ्याला भलतीच दिसते. साबण किंवा कुर्ता घ्यायला तेवढं पुरतं. ऐंशी लाखांचा फ्लॅट किंवा मुलीच्या लग्नातलं सोनं घेताना माणसाला आपल्याला ठाऊक असून भागत नाही; सासुरवाडीलाही ते नाव ठाऊक आहे, हे त्याला हवं असतं. पहिल्या पानाची जाहिरात सगळ्यांनी पाहिलेली असते, आणि सगळ्यांनी पाहिली आहे हेही सगळ्यांना माहीत असतं. तो सार्वजनिकपणा अचूक नेम धरणाऱ्या जाहिरातीतून निघून जातो.

दिवाळी अंकाचंही तसंच. 1909मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा वर्गणीइतकीच जाहिरातींवर चालत आली आहे. ‘वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढाच मजकूर असलेल्या सहकारी बँकेच्या पानाला किती क्लिक आले, हे कुणी विचारत नाही. संपादकाचा शब्द पडू नये म्हणून ती जाहिरात दिली जाते, हे खरं. पण ज्या घरात अंक वर्षभर टीपॉयवर राहतो, तिथे ते नावही राहतं.

बांधकामाच्या जाहिरातींची एक वेगळी कथा आहे. फोनवर स्वप्न विकणं सोपं झालं, तसं फसवणंही. स्थावर संपदा नियामक महारेराने 1 ऑगस्ट 2023पासून गृहप्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड सक्तीचा केला; तो स्कॅन केला की प्रकल्पाचा सगळा कच्चा चिठ्ठा समोर येतो. नियम समाजमाध्यमांनाही लागू आहे, आणि अशा जाहिराती हुडकायला महारेराने जाहिरात मानक परिषदेची मदत घेतली. तरीही तलाव दाखवणारा ड्रोन, गच्चीवर कॉफी पिणारं जोडपं आणि ‘डिटेल्ससाठी डीएम करा’ एवढाच मजकूर असलेल्या रील्स पाहिल्या की वाटतं, कोड शोधायला भिंगच लागेल.

इन्फ्लुएन्सर मंडळींसाठीही नियम आले. जाहिरात मानक परिषदेने 2021मध्ये सांगितलं की पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहा, इंग्रजीत किंवा जाहिरातीच्याच भाषेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी 10 लाख आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. हे हवंच होतं. पण नियम पाळणाऱ्याचं नुकसान होतं ही भीती मला खोटी वाटते. ‘मधुराज रेसिपी’ किंवा ‘आपली आजी’सारखे मराठी चॅनल लोक वर्षानुवर्षं बघतात ते पदार्थ जमतो म्हणून. त्यात मधेच एखाद्या मिक्सरचं नाव आलं, तर बघणाऱ्याला ते पैसे घेऊन आलं हे न सांगताही कळतं, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. त्याचा राग वेगळ्या गोष्टीवर असतो : काल एक तेल, आज दुसरं, आणि दोन्ही ‘मी स्वतः वापरते’.

*

मोजता येणाऱ्या जाहिरातीचा पाया किती भुसभुशीत असू शकतो, हे 2025च्या ऑगस्टमध्ये दिसलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी घातली आणि त्यांच्या जाहिरातींवरही. भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन उतरलं, सप्टेंबरात तिथे टायर बनवणारी कंपनी आली. क्रिकेटपटूंपासून विनोदी रील्स करणाऱ्या पोरांपर्यंत अनेकांचं या कंपन्यांशी देणंघेणं होतं. डिजिटलच्या वाढीचे जे आलेख आपल्याला दाखवले जात होते, त्यांत या पैशाचाही हात होता. लोकांचं फोनवर बघणं कायद्याने तसूभरही कमी झालं नाही. बघण्याचे पैसे भरणारा तेवढा गेला.

राहता राहिलं व्हॉट्सॲप. वर्षानुवर्षं तिथे जाहिरात नव्हती, म्हणूनच तिथल्या शब्दाला वजन होतं. 16 जून 2025 रोजी मेटाने जाहीर केलं की स्टेटस जिथे दिसतात त्या भागात जाहिराती येतील. धंद्यांकडून येणाऱ्या मार्केटिंगच्या संदेशांना तर आधीपासून शुल्क होतंच. त्याच वर्षीच्या जुलैपासून ते दर संदेशामागे झालं. यातला शुल्काचा भाग मला आवडतो. दर संदेशाला शुल्क नव्हतं तोवर बँक, सराफ, विमा, कोचिंग क्लास सगळ्यांनी ‘प्रिय ग्राहक’ करून लोकांना वीट आणला. आता प्रत्येक संदेशाला पैसे पडतात म्हटल्यावर पाठवणारा दोनदा विचार करील, निदान लहान पाठवणारा. स्टेटसवरच्या जाहिरातीबद्दल मात्र मला शंका आहे. भाचीच्या बारशाचे फोटो आणि मावशीच्या काशीयात्रेचा व्हिडिओ यांच्या मधे गृहकर्ज आलं, तर मोजायला एक व्ह्यू जरूर मिळेल.

या माध्यमाचा मला दिसलेला सर्वांत अकलेचा वापर जाहिरातीचा नव्हेच. देवगडच्या आंबा बागायतदारांचं दुखणं जुनं आहे : त्यांच्या नावावर बाजारात कर्नाटकाचा आंबा विकला जातो. डिजिटल आल्यावर ते वाढलं. फेब्रुवारी उजाडला की ‘अस्सल देवगड, थेट बागेतून’ अशा जाहिरातींचा पूर येतो, आणि बाग कुणाची, कुठली, हे फोटोवरून कळत नाही. जास्त जाहिरात करून यावर मात करणं शक्य नव्हतं, कारण खोटा विकणाऱ्याच्या हातात बोली लावायला जास्त पैसा उरतो. भौगोलिक मानांकन 2018मध्ये मिळालं, पण मानांकनाचा कागद पेटीत दिसत नाही. तेव्हा देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025च्या हंगामापासून फळाफळावर एक स्टिकर आणला. त्याच्यावर एक क्रमांक, आणि स्टिकर काढला की त्याच्या मागे क्रमांकाचा दुसरा भाग. स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. तिकडून मागचा भाग विचारला जातो, तो जुळला की आंबा कुणाचा हे कळतं. शेतकऱ्याला स्टिकर मिळतात ते त्याच्या बागेत जेवढा माल निघू शकतो त्या बेताने, म्हणजे दुसऱ्याचा आंबा आपल्या नावावर खपवायला ते उरत नाहीत.

यात रील नाही, इन्फ्लुएन्सर नाही, बोली नाही. संस्थेने मार्केटिंगचा सगळा खटाटोप उलटा फिरवला : विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या मागे लागण्याऐवजी गिऱ्हाइकालाच विकणाऱ्याची उलटतपासणी घ्यायची सोय करून दिली, आणि तीही ज्या ॲपवर त्याचा दिवस जातो तिथेच. खोटा आंबा यामुळे बाजारातून नाहीसा होईल असं मानायचं कारण नाही. अर्ध्या किमतीत ‘देवगड’ मिळतोय म्हटल्यावर डोळे मिटून घेणारे असतातच. पण दादरला किंवा वाशीला पेटी उघडून दाखवणाऱ्यासमोर आता कुणीही उभं राहून दर विचारण्याआधी विचारू शकतं, ‘स्टिकर कुठाय?’